आंघोळ न केलेला मुलगा आणि माझं कोल्हापूर

कोल्हापूरचा माणूस नोकरीसाठी बाहेर राहायला लागला की त्याला पगाराव्यतिरिक्त एक काम चिकटतं. ऑफिसातलं कुणीही कोकणात किंवा गोव्याला निघालं, की ‘वाटेत कोल्हापूर लागतंय, काय काय बघू?’ असा मेसेज येतो. माझ्याकडे याचं उत्तर तयार आहे, कॉपी-पेस्ट करण्यापुरतं. अंबाबाईला पहाटे जा, नंतर रांग वाढते. मिसळ फडतरेंची की बावड्याची या वादात पडू नका, बसायला जागा मिळेल तिथे खा. संध्याकाळी रंकाळा. रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध, तिथे म्हैस तुमच्या समोर उभी असते. एक दिवस जास्तीचा असेल तर पन्हाळा. तांबडा-पांढरा रस्सा कुणाला सांगावा लागत नाही. (आमच्या घरी तो शिजत नाही. चव मला कशी माहीत, हे घरचे हा लेख वाचण्याची शक्यता असल्यामुळे लिहीत नाही.)

ही यादी खोटी नाही. पण ती पाहुण्यांची यादी आहे. माझी स्वतःची आवडती जागा त्यात नसते, कारण ती सांगितली तर लोकांना वाटेल मी चेष्टा करतोय. ती जागा म्हणजे दसरा चौक.

दसरा चौकात फोटो काढण्यासारखं फारसं काही नाही. मध्ये शाहू महाराजांचा पुतळा, भोवती केएमटीच्या बसगाड्या, रिक्षा आणि हॉर्न. दसऱ्याला इथे सोनं लुटायचा सोहळा होतो, तेवढ्यापुरता चौक टीव्हीवर दिसतो. पण एखाद्या निवांत सकाळी चौकाच्या कडेने चालत पाट्या वाचत गेलं, की एक मजेशीर गोष्ट लक्षात येते. मुस्लिम बोर्डिंग. जैन बोर्डिंग. लिंगायतांचा चित्रदुर्ग मठ. सारस्वत बोर्डिंग. एकाच चौकाच्या काठावर, हाकेच्या अंतरावर, एकेका समाजाचं एकेक घर. लहानपणी मला हे इतकं सवयीचं होतं की प्रत्येक शहरात असंच असतं असं मी धरून चाललो होतो. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा कळलं की नसतं.

यातल्या जैन बोर्डिंगात माझे पणजोबा राहून शिकले. आमचं मूळ गाव शिरोळ तालुक्यात, घर शेतकऱ्याचं. पणजोबांची पत्र्याची ट्रंक अजून आहे. तिच्यात आता आज्जीची लुगडी असतात आणि तळाशी एका प्लास्टिकच्या पिशवीत पणजोबांचे कागद. घरात दोन गोष्टी मी शंभर वेळा ऐकल्या आहेत. एक, पणजोबा ‘कर्मवीरांच्या बोर्डिंगात’ होते. म्हणजे ज्या बोर्डिंगात कर्मवीर भाऊराव पाटील शिकायला होते, त्यातच. दोन, खुद्द शाहू महाराजांनी पणजोबांच्या पाठीवर थाप मारली होती.

दुसरी गोष्ट खोटी आहे. ट्रंकेतल्या दाखल्याप्रमाणे पणजोबा कोल्हापुरात आले १९२४ साली. महाराज गेले ६ मे १९२२ रोजी. दोन लॉग समोरासमोर ठेवले की टाइमस्टॅम्प जुळत नाहीत, विषय संपला. मी हे घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, ‘मग राजाराम महाराज असतील.’ थाप कुणीतरी मारलीच पाहिजे होती.

पहिली गोष्ट मात्र खरी आहे. ती अर्धी खरी आहे हे कळायला मला सत्तावीस वर्षं लागली.

मागच्या डिसेंबरात माझा कॉलेजातला रूममेट कोल्हापूरला आला. तो सातारा जिल्ह्यातला, वडील एसटीत मेकॅनिक, शाळा रयत शिक्षण संस्थेची. सध्या हैदराबादला असतो, माझ्यापेक्षा चांगला कोड लिहितो आणि माझ्यापेक्षा कमी बोलतो. चार वर्षं आम्ही एका खोलीत काढली. एम-थ्रीमध्ये मी दोनदा गटांगळ्या खाल्ल्या, तिसऱ्यांदा सुटलो तो त्याने पंधरा रात्री बसून शिकवलं म्हणून. पण त्या खोलीतल्या पहिल्याच आठवड्यात, प्रवेशाच्या कटऑफच्या गप्पा चालू असताना, मी त्याला म्हणालो होतो, ‘तुला काय टेन्शन रे, तुझी सीट कुठे जात नव्हती.’ तो हसला. खोलीतले बाकीचे पण हसले. मी आयुष्यात बोललेल्या पुष्कळ मूर्ख वाक्यांपैकी हे एकच मला शब्दशः आठवतं. त्यालाही आठवतं का, हे मी कधी विचारलेलं नाही.

तो आला आणि म्हणाला, ‘यादी नको पाठवू. तुला आवडतं ते दाखव.’ म्हणून आम्ही सकाळी सहाला पंचगंगेच्या घाटापासून चालायला सुरुवात केली.

डिसेंबरात नदीवर धुकं असतं. घाटावरची छोटी दगडी देवळं अशा वेळी नुकतीच पाण्यातून वर आल्यासारखी दिसतात, आणि पावसाळ्यात ती खरोखरच बुडतात. २०१९ आणि २०२१ साली पाणी घाट सोडून पार शहरात आलं होतं. रूममेटला मी पाच नद्यांची नावं सांगितली, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, आणि मग ज्यासाठी त्याला इथे आणलं ती गोष्ट सांगितली.

१८९९च्या कार्तिकातली पहाट. शाहू महाराज पंचविशीचे, म्हणजे आमच्याहून लहान, नित्याप्रमाणे कार्तिकस्नानाला नदीवर आलेले. बरोबर जवळची माणसं आणि मुंबईचे राजारामशास्त्री भागवत. स्नान चालू असताना भटजी मंत्र म्हणत होते. राजारामशास्त्र्यांच्या लक्षात आलं की हे मंत्र वेदोक्त नाहीत, पुराणोक्त आहेत. म्हणजे क्षत्रियासाठीचे नव्हेत, शूद्रासाठीचे. विचारल्यावर भटजींनी ते नाकारलं नाही. वर हेही निघालं की त्यांनी स्वतः आंघोळ केलेली नव्हती. वेदमंत्र म्हणायचे तर आधी स्नान हवं, पुराणोक्ताला त्याची गरज नाही. छत्रपतींसाठी पहाटेच्या थंड पाण्यात उतरायची तसदी का घ्या, असा तो हिशोब.

पुढचं वेदोक्त प्रकरण शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत असतं. राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करायला नकार दिला, महाराजांनी त्यांची वतनी इनामं काढून घेतली, टिळकांसकट पुण्यातले मोठे लोक पुरोहितांच्या बाजूने उभे राहिले, तक्रारी ब्रिटिश सरकारपर्यंत गेल्या आणि फेटाळल्या गेल्या. मला त्या सगळ्यापेक्षा ती न केलेली आंघोळ जास्त बोलकी वाटते. समोरच्या माणसाला आपण काय समजतो हे सांगायला शब्दांची गरज नसते. तो राजा असला तरी.

‘आणि तो राजा नसेल तर?’ रूममेट म्हणाला.

मी म्हटलं, ‘त्यासाठी अजून दोन किलोमीटर चालायचंय.’

वाटेत मिसळ झाली, टाउन हॉलचं म्युझियम उघडायची वाट बघून झाली. तिथे ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची वीतभर उंचीची ब्राँझ मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन व्यापाराबरोबर पंचगंगेच्या काठी आलेला. त्याच्यासमोर मी दरवेळी पाच मिनिटं उभा राहतो. खासबाग आणि शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह आम्ही दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं. ऑगस्ट २०२४मध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री ते नाट्यगृह जळालं, त्यावर बोलायला लागलो असतो तर सकाळ तिथेच गेली असती.

म्युझियमपासून भाऊसिंगजी रोड जवळच. आज इथे नुसती दुकानं आहेत, पण याच रस्त्यावर कोणे एके काळी गंगाराम कांबळे यांचं चहाचं हॉटेल होतं. कांबळे हे दरबारच्या तबेल्यात कामाला. अस्पृश्य. तिथल्या मराठा नोकरांच्या पाण्याच्या हौदाला ते शिवले म्हणून त्यांना बेदम मारण्यात आलं. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परतल्यावर कांबळ्यांनी त्यांना पाठीवरचे वळ दाखवले. मारणाऱ्याला महाराजांनी शिक्षा दिली, पण त्यांना कळत होतं की चाबकाने हौद खुला होत नाही. मग कांबळ्यांना मदत करून भर रस्त्यावर हॉटेल काढून दिलं. नाव ‘सत्यसुधारक’. अर्थात तिथे चहा प्यायला कोण येणार? तर महाराज स्वतः. गाडी थांबवून, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात ते चहा मागवायचे आणि सोबतच्या मंडळींनाही पाजायचे. ज्याला महाराजांची सही हवी त्याने आधी कांबळ्यांच्या हातचा कप रिकामा करायचा.

ही गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक असते आणि सगळे ती हसत हसत सांगतात. मीही तशीच सांगितली. रूममेट हसला नाही. म्हणाला, ‘त्या लोकांनी घरी जाऊन काय केलं असेल?’

मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. आपण राजाच्या बाजूने गोष्ट ऐकतो. कप रिकामा करून घरी गेलेल्या माणसाच्या मागे मागे कुणी जात नाही. एवढं मात्र नोंदलेलं आहे की महाराज गेल्यावर त्यांचं पहिलं स्मारक कोल्हापुरात उभं राहिलं ते नर्सरी बागेत, आणि ते उभारण्यात पुढाकार या गंगाराम कांबळ्यांचा आणि त्यांच्या समाजाचा होता. ज्यांना शिकायला, नोकरीला, वकिलीला मदत मिळाली असे बरेच समाज तेव्हा कोल्हापुरात होते. आधी आठवण झाली ती चहावाल्याला.

तर आता दसरा चौक.

चौकातल्या पाट्यांमागची गोष्ट सुरू होते ती एका फसलेल्या प्रयोगापासून. महाराजांनी कारभार हातात घेतला १८९४ साली. तेव्हा दरबारच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. नवीन राजाला हे बदलायचं होतं, पण नेमायला दुसरी शिकलेली माणसं कुठून आणणार? शिकायचं तर कोल्हापुरात यावं लागे, आणि खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाने कोल्हापुरात राहायचं कुठे, जेवायचं कुठे? म्हणून १८९६ साली त्यांनी राजाराम कॉलेजला जोडून एक वसतिगृह काढलं. सगळ्या जातींच्या मुलांसाठी, दार सर्वांना उघडं. थोड्याच काळात त्यात जवळजवळ फक्त ब्राह्मण मुलं उरली.

यात कुणी कट केला असं मानायची गरज नाही. इंग्रजी शाळेच्या वरच्या वर्गांपर्यंत पोचणारी मुलंच बहुतेक एका समाजातली होती. राहायची जागा कमी, मागणारे तेच, आणि एकदा पंगत त्यांची झाली की दुसऱ्या जातीचा एकटा मुलगा तिथे कुठे बसणार? दार उघडं होतं हे खरंच. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे ‘आम्ही कुणाला अडवत नाही, ज्याच्यात दम आहे त्याने यावं’ हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं, आणि ते म्हणणारी माणसं वाईट नसतात. त्यांना १८९६चं वसतिगृह माहीत नसतं, एवढंच.

मग महाराजांनी उलटा मार्ग धरला. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्याच सुमारास जैन बोर्डिंग आलं. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची माणसं त्यामागे होती. १९०६च्या आसपास लिंगायत आणि मुस्लिम. मुस्लिम समाजाच्या शिक्षणसंस्थेचं अध्यक्षपद तर महाराजांनी स्वतः घेतलं. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीच्या नावाने. पुढे नामदेव शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, आणखी कितीतरी. जागा, इमारत, वर्षासन, जे लागेल ते दरबारातून. अट एवढीच की समाजाने स्वतः उभं राहायचं, वर्गणी काढायची, व्यवस्था बघायची. आणि याच्या मध्यावर, २६ जुलै १९०२चा तो जाहीरनामा: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी. तो निघाला तेव्हा महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडात होते. माझा अंदाज असा की जाहीरनामा एकटा असता तर कागदावर राहिला असता. जागा राखून काय उपयोग, त्या जागेवर बसायला लागणारा मुलगा रात्री कुठे झोपतो हा प्रश्न सुटला नाही तर? बोर्डिंगं आधी होती म्हणून जाहीरनाम्याला पाय फुटले.

पण याला किंमत होती, आणि ती चौकात उभं राहिलं की दिसते. जातीच्या भिंती पाडता येत नाहीत म्हणून प्रत्येकाला त्याच्या भिंतीच्या आत दिवा लावून दिला. आमच्या भाषेत हा पॅच झाला. सिस्टिमचा मूळ दोष तसाच ठेवून काम चालू करणारा. मी असे पॅच लिहिले आहेत आणि मला त्यांची लाज वाटत नाही, कारण माणसं खोळंबलेली असतात. फक्त पॅच लिहिणाऱ्याने आपण पॅच लिहिलाय हे विसरू नये. महाराज विसरले होते असं वाटत नाही. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. विसरलो ते आम्ही, ज्यांना दिवा मिळाला.

जैन बोर्डिंगच्या समोर उभं राहून मी रूममेटला म्हटलं, ‘तुझ्या शाळेची गोष्ट इथे सुरू होते.’ त्याला वाटलं मी पणजोबांचं काहीतरी सांगणार.

कुंभोजला १८८७ साली जन्मलेला भाऊराव पायगोंडा पाटील नावाचा दांडगट मुलगा शिकायला कोल्हापुरात आला आणि जैन बोर्डिंगात राहिला. अभ्यासात यथातथाच, कुस्तीत पुढे. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला. परत आल्यावर बोर्डिंगच्या नियमाप्रमाणे त्याला सांगण्यात आलं, आंघोळ कर आणि मग आत ये. त्याने नकार दिला. बोर्डिंगचे अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे, एम.ए. झालेले, समाजसुधारक, शाहू महाराजांच्या जवळचे. त्यांनी भाऊरावला बोर्डिंगातून काढून टाकलं.

मला इथे थांबावंसं वाटतं, कारण लठ्ठे हे खलनायक नव्हते. पुढे ते कोल्हापूरचे दिवाण झाले, १९३७च्या मुंबई प्रांतिक सरकारात अर्थमंत्री झाले. शाहू महाराजांचं पहिलं मोठं इंग्रजी चरित्र त्यांनीच लिहिलं, १९२४ साली. ब्राह्मणेतरांच्या हक्कांबद्दल त्यांना शिकवायची कुणाची गरज नव्हती. नदीवरच्या त्या न केलेल्या आंघोळीचा अपमान त्यांना नक्की कळला असणार. आणि तरी त्यांच्या बोर्डिंगात, काही वर्षांतच, पोराने आंघोळ केली नाही म्हणून त्याची वळकटी बाहेर गेली. घाटावर भटजीने आंघोळ केली नाही कारण समोरचा खालचा. बोर्डिंगात आंघोळ कर म्हणाले कारण तू खालच्यांना शिवून आलास. दोन्हीकडे पाणी एकाच नदीचं.

या गोष्टीचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. १९१४च्या सुमारास कोल्हापुरात डांबर प्रकरण झालं. ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. तोवर लठ्ठे आणि दरबार यांचं बिनसलं होतं. भाऊरावांना पकडून त्यांच्यावर दबाव आला, लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष दे. ज्या माणसाने आपल्याला हाकललं त्याच्याविरुद्ध फक्त दोन वाक्यं बोलायची होती. भाऊरावांनी कोठडीत हाल सोसले, जीव द्यायचाही प्रयत्न केला, पण खोटी साक्ष दिली नाही. हे घडलं ते शाहू महाराजांच्याच राज्यात, हे सांगायला आम्हा कोल्हापूरकरांना जड जातं. जाऊ दे जड.

मॅट्रिकही न झालेल्या या माणसाने नांगर विकत गावोगाव फिरताना १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. आणि १९२४ साली साताऱ्यात एक बोर्डिंग सुरू केलं. त्याला नाव दिलं शाहू महाराजांचं, पण रचना दसरा चौकाच्या बरोबर उलटी. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, एकाच चुलीवरचं, एका पंगतीला. १९२७ साली गांधीजी तिथे येऊन गेले. ते चालवण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही. चौकातल्या या इमारतीने एका मुलाला बाहेर काढलं, आणि त्याने काढलेल्या शाळेत माझा रूममेट शिकला. खिशावर वडाचं झाड असलेला सदरा घालून.

‘आणि तुझे पणजोबा इथे कधी आले म्हणालास?’ रूममेटने विचारलं.

‘१९२४.’

त्याने फक्त मान हलवली. मला घरातली ती पहिली गोष्ट आठवली. कर्मवीरांच्या बोर्डिंगात होते. शंभर वेळा ऐकली, पण कर्मवीर त्या बोर्डिंगातून बाहेर कसे पडले हे एकदाही कुणी सांगितलं नाही. मला कळलं ते दोन वर्षांपूर्वी, एका रात्री रिलीज अडकली म्हणून जागा होतो तेव्हा सहज वाचायला घेतलेल्या एका चरित्रात. आमच्या घरातल्या कुणालाच हे माहीत नसेल असं मी स्वतःला समजावलं होतं.

तिथून आम्ही बिंदू चौकात गेलो. फुले आणि आंबेडकरांचे अर्धपुतळे १९५०च्या डिसेंबरात बसवले, भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने. म्हणजे बाबासाहेब हयात असताना. रूममेटने कोल्हापुरातला पहिला फोटो इथे काढला. मला काढायला सांगितला, मग म्हणाला, ‘तू पण ये,’ आणि एका पेपर विकणाऱ्या मुलाच्या हातात फोन दिला.

दुपारी घरी जेवायला. आज्जी आता नव्वदीच्या घरात आहे. ती दिवे लागायच्या आधी जेवते, कानांनी कमी ऐकते आणि प्रश्न विचारायचे सोडत नाही. ‘गाव कंचं बाळ तुझं?’ तिने विचारलं. त्याने गाव सांगितलं आणि लगेच, न विचारता, आडनावही सांगितलं. पुढचा प्रश्न त्याला पाठ होता. मी पाण्याचा तांब्या उगाच भरून आणायला उठलो. परत आलो तेव्हा आई भाकरी वाढत होती आणि आज्जी त्याला सकाळी काय काय बघितलं ते विचारत होती. त्याने सगळं सांगितलं. घाट, हॉटेल, बोर्डिंग. भाऊराव पाटलांच्या आंघोळीची गोष्ट त्याने माझ्यापेक्षा चांगली सांगितली, कारण त्याने मध्ये मतं घातली नाहीत.

आज्जीला ती गोष्ट नवी नव्हती. ‘व्हय, काढलं हुतं त्यास्नी,’ ती म्हणाली. बाबांनी वर बघितलं. मग आज्जी आपल्या सासऱ्यांबद्दल, म्हणजे माझ्या पणजोबांबद्दल बोलायला लागली.

पणजोबा बोर्डिंगात शिकून मास्तर झाले. शिरोळ तालुक्यातल्या शाळांत त्यांनी तीसेक वर्षं शिकवलं. त्यांची एक आठवण घरात नेहमी निघते, ती म्हणजे त्यांची टापटीप. शाळेतून आले की आधी परड्यात जायचं, विहिरीचं पाणी काढायचं, दगडावर बसून आंघोळ करायची, धुतलेलं धोतर नेसायचं आणि मगच घरात पाऊल टाकायचं. एक दिवस चुकला नाही म्हणे. आम्हा नातवंडांना हे स्वच्छतेचा धडा म्हणून सांगितलं जायचं. तो दगड अजून गावच्या परड्यात आहे. लहानपणी मी त्याच्यावरून उड्या मारल्या आहेत, आता चुलते तिथे मोटारसायकल धुतात.

‘साळंत समद्यांची पोरं यायची न्हवं,’ आज्जी म्हणाली. ‘हुकूमच हुता. कुणाला वायलं बसवायचं न्हाई. मामंजी समद्यास्नी सारखंच शिकवायचं, हात धरून गिरवून घ्यायचं. महारवाड्यातली पोरं बी पास व्हायची त्यांच्या हाताखाली. मग घरला आलं की आंघूळ.’

आई भाकरीचं ताट हातात धरून तशीच उभी होती. बाबा म्हणाले, ‘आई, असू दे आता.’ आज्जीला ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल.

माझा रूममेट ताटावरून हात न उचलता तिच्याकडे बघत होता. त्याने तिच्या कानाशी वाकून, जरा मोठ्याने विचारलं, ‘थंडीत पण, आज्जी?’

‘थंडीत बी,’ आज्जी म्हणाली. ‘लई थंडी असायची तवा. कुडकुडायचं बिचारं.’